गळ्यातली ग्रंथी आणि वाढता रक्तदाब

आपल्या भागात कुठेही आरोग्य शिबिर भरले की सर्वांत मोठी रांग रक्तदाब तपासण्याच्या टेबलापुढे लागते. दंडाला पट्टा बांधतात, आकडा सांगतात आणि “बी. पी. आहे, गोळी चालू करा, मीठ कमी खा” एवढा सल्ला मिळतो. माणूस गोळी घेऊ लागतो आणि विषय तिथेच संपतो. पण हा दाब कशामुळे वाढला, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही, हे खरे आहे. वय, वजन, मीठ, तंबाखू, घराण्याचा वारसा अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. परंतु काही थोड्या लोकांमध्ये नेमके कारण असते. ते शोधले तर सापडते आणि त्यावर इलाजही होतो. अशा कारणांपैकी एक कारण आपल्या गळ्यात असते. त्याचे नाव थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. आकड्यांचा हिशेब लावणे हा रोजचा धंदा. पण घरातल्याच एका माणसाच्या आकड्यांचा हिशेब दोन वर्षे लागला नाही, म्हणून या विषयाच्या मागे लागलो. जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले, तेच येथे सोप्या भाषेत मांडत आहे.

अक्काची हकीकत

माझी थोरली बहीण कळंब तालुक्यात दिलेली आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. खुरपणीला गेली की तिची पात सगळ्या बायकांच्या पुढे असायची. पंचेचाळिशी ओलांडली आणि तिची पात मागे पडू लागली. दुपारी बांधावर टेकली की उठवत नसे. अंगावर सूज आल्यासारखी दिसे, आवाज घोगरा झाला, केस गळू लागले. चैत्रातल्या उन्हात सगळे घामाघूम होत असताना ही पहाटे चादर ओढून घेई. घरात कुजबूज सुरू झाली की अक्का आता कामचुकार झाली. मीही एकदा हसत हसत तसे बोललो होतो. त्या बोलण्याची आजही लाज वाटते.

एका तपासणीत तिचा रक्तदाब १५०/१०४ निघाला. गोळी सुरू झाली. दाब उतरेना म्हणून दुसरी गोळी जोडली. दोन वर्षे अशीच गेली. “मला काई होत नाई रे, नुसतं अंग जड जड वाटतंय बघ,” एवढेच ती सांगे. शेवटी दुसऱ्या एका कामासाठी तिला बार्शीला नेले असता तिथल्या डॉक्टरांनी दाबाकडे पाहण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, “ताई, थंडी सहन होते का? पोट साफ होते का?” नाडी मोजली तर मिनिटाला ५६. त्यांनी लगेच रक्ताची एक तपासणी सांगितली, टी. एस. एच. साधारण चारपर्यंत असायला हवा तो आकडा ७८ आला. डॉक्टर म्हणाले, “ह्यांना आळस नाही, आजार आहे.”

हे वाक्य ऐकून अक्का रडली. आजार निघाला म्हणून नव्हे. कोणीतरी आपले म्हणणे खरे मानले म्हणून.

ग्रंथी कशी काम करते?

अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. आकार फुलपाखरासारखा आणि वजन साधारण २० ग्रॅम. थायरॉईड हा शब्द ढाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. ही ग्रंथी अन्नातले आयोडीन घेऊन टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरके तयार करते. ही संप्रेरके रक्तातून सर्व शरीरात जातात आणि प्रत्येक अवयवाने किती वेगाने काम करायचे ते ठरवतात. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल, चरबीचा वापर, मनाची उभारी, सर्वांवर त्यांचा अंमल चालतो.

या ग्रंथीवर देखरेख ठेवणारी दुसरी एक ग्रंथी मेंदूच्या तळाशी आहे. तिला पीयूषिका म्हणतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पीयूषिका हे मुख्य कार्यालय आणि अवटू ही शाखा. मुख्य कार्यालय शाखेला जे पत्र पाठवते ते म्हणजे टी. एस. एच. शाखेचे काम व्यवस्थित असेल तर साधे एखादे पत्र पुरते. शाखेचे काम थंडावले की स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे सुटतात, म्हणजे टी. एस. एच. वाढतो. उलट शाखा गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की मुख्य कार्यालय पत्र पाठवणेच थांबवते आणि टी. एस. एच. जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून अहवालात हा आकडा वाढलेला दिसला तर बहुतेक वेळा ग्रंथी मंदावलेली असते, आणि फार कमी दिसला तर ग्रंथी अति काम करीत असते. पुष्कळ लोक याचा उलटा अर्थ लावतात आणि “माझा थायरॉईड वाढला” असे म्हणतात.

दाबाशी संबंध कसा?

शेताला पाणी देणाऱ्या प्रत्येकाला हे चटकन समजेल. पाइपातला दाब दोन गोष्टींवर ठरतो. एक, मोटार किती जोराने पाणी ढकलते आणि दुसरी, पुढचा पाइप किती मोकळा आहे. शरीरात हृदय ही मोटार आणि रक्तवाहिन्या हे पाइप. अवटूची संप्रेरके या दोन्हींवर काम करतात. ती हृदयाचा जोर वाढवतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैल ठेवतात. म्हणूनच ग्रंथी मंद झाली तरी दाब वाढतो आणि जास्त झाली तरी वाढतो. मात्र दोन्हींची तऱ्हा वेगळी असते.

ग्रंथी मंदावली तर रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारे संप्रेरक कमी पडते. त्या आवळल्या जातात, ताठर होतात. मोटार हळू चालते, पण पुढचा पाइप चिंबलेला असतो. त्यामुळे विशेषतः खालचा आकडा वाढतो आणि वरच्या व खालच्या आकड्यांतले अंतर कमी होते. मूत्रपिंडाचे कामही थोडे मंदावते, रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. वाढलेला दाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल एकत्र आले की हृदयाला दुहेरी धोका असतो.

ग्रंथी अति काम करू लागली तर चित्र उलटे होते. निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. या आजारात ते प्रमाण दीडपट, दुपटीपर्यंत जाऊ शकते. रक्तवाहिन्या मात्र सैल पडलेल्या असतात. म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा तेवढाच राहतो किंवा उतरतो, उदाहरणार्थ १६०/७०. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, खाऊनही वजन घटते. आमच्या तेरखेड्याचे नाव फटाक्यांच्या धंद्यामुळे सर्वदूर झाले आहे. मोठा बार उडाला की छातीत धस्स होणे ही साधी गोष्ट. परंतु कुठलाही बार न उडता, निवांत बसलेले असताना नाडी शंभराच्या वर धावत असेल तर त्याला “धसका घेतलाय” म्हणून सोडून देऊ नये. वय झालेल्या माणसांत यातून हृदयाची लय बिघडते, रक्ताची गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

हे किती लोकांत आढळते?

१९८८ साली अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उच्च रक्तदाबाच्या ६८८ रुग्णांची तपासणी केली होती. त्यांपैकी २५ जणांची, म्हणजे शंभरात साधारण साडेतीन जणांची, अवटू ग्रंथी मंद निघाली. त्यांना संप्रेरकाची गोळी दिल्यावर सुमारे एक तृतीयांश लोकांचा खालचा आकडा ९० च्या खाली आला. यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाचे कारण थायरॉईड नसते. शंभरांतल्या थोड्यांचेच असते. दुसरी, त्या थोड्यांतही सर्वांचा दाब केवळ थायरॉईडच्या गोळीने पूर्ण उतरत नाही. पण ज्यांचा उतरतो त्यांची अनेक वर्षांची औषधे वाचतात. म्हणून शोध घेणे मोलाचे आहे.

आपल्या देशात मंद अवटूचा आजार विरळा नाही. मुंबई व गोव्यासह आठ शहरांतील ५,३६० प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात १०.९५ टक्के लोकांना हा आजार आढळला. समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या भागातील शहरांत प्रमाण थोडे जास्त निघाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार अधिक होतो आणि वयाबरोबर वाढतो. म्हणजे ज्या वयात बाई घर, शेत, सुना-नातवंडे सगळे ओढत असते, नेमके त्याच वयात. तिचा थकवा सर्वांना वयाचा वाटतो आणि तपासणी राहून जाते.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे कामही या क्षेत्रात झाले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या जोडइमारतीत चालू आहे. अवटू ग्रंथी आयोडीन ओढून घेते, या गुणाचाच तिथे उपयोग करतात. किरणोत्सर्गी आयोडीन दिले की ते ग्रंथीत जाऊन बसते आणि अति काम करणाऱ्या पेशी आतल्या आत निकामी करते. कापाकापी करावी लागत नाही. त्यानंतर ग्रंथी मंद पडून जन्मभर गोळी घ्यावी लागण्याची शक्यता असते. हे रुग्णाला आधी समजले पाहिजे, म्हणजे पुढे वजन आणि दाब वाढला तर तो गोंधळत नाही.

मिठाचा घोळ

येथे एक महत्त्वाची बाब सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे याच ठिकाणी चूक होते. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगतात आणि थायरॉईडसाठी आयोडीनयुक्त मीठ खायला सांगतात. काहीजण यातून अर्थ काढतात की साधे मीठ वाईट, म्हणून जाडे मीठ किंवा सैंधव खावे. हा गैरसमज आहे. दाब वाढवणारा सोडियम जाड्या मिठातही आहे आणि सैंधवातही आहे. मात्र त्यांत पुरेसे आयोडीन नसते. म्हणजे दाब उतरत नाही आणि ग्रंथी उपाशी राहते.

आयोडीनच्या कमतरतेने गळ्याला गाठ येते, तिला गलगंड म्हणतात. आपल्या देशात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण घटल्याचे दाखवून दिले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली त्याचे नाव बदलून आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरची देशव्यापी बंदी २००० साली उठवली गेली होती; ती मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. हा लढा एका चिमूटभर मिठासाठी इतकी वर्षे चालला, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात यावे.

हिशेब असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षाही कमी मीठ खावे. प्रौढाला आयोडीन लागते दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. म्हणून नियम सोपा ठेवावा : मीठ थोडे, पण जे खायचे ते आयोडीनयुक्त. बरणीचे झाकण घट्ट असावे, ती चुलीजवळ व ओलीत ठेवू नये. मीठ कमी करायचे म्हणजे केवळ भाजीतले नव्हे. लोणचे, पापड, कुरडया, खारे शेंगदाणे, ठेचा, फरसाण यांतले मीठ आपण मोजतच नाही.

बाजरी, कोबी, सोयाबीन यांविषयीही विचारणा होते. सुदानमध्ये बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या भागात गलगंड जास्त दिसला होता. बाजरीतील काही द्रव्ये ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, पण हा त्रास मुख्यतः आयोडीन कमी पडते तिथे होतो. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर भोगीची भाकरी बिनधास्त खावी. सोयाबीनचे पदार्थ फक्त थायरॉईडच्या गोळीच्या वेळी खाऊ नयेत, कारण गोळी नीट शोषली जात नाही.

तपासणी कोणी करावी?

रक्तदाबाच्या रुग्णाने पुढीलपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना टी. एस. एच. तपासणीबद्दल आपणहून विचारावे :

१) दोन-तीन औषधे नियमित घेऊनही दाब आटोक्यात नसणे.
२) वय कमी असताना दाब सुरू होणे, किंवा खालचा आकडाच जास्त चढणे.
३) कायम थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, सूज, केस गळणे, आवाज घोगरा होणे, पाळी अनियमित होणे.
४) वजन घटणे, धडधड, हाताचा कंप, घाम, डोळे मोठे दिसणे.
५) कोलेस्टेरॉल कारणाशिवाय वाढलेले असणे.
६) गळ्याला गाठ असणे, किंवा आई, बहीण, मावशी यांना थायरॉईडचा आजार असणे.

दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री घेऊ नये. एकदाच मोजून घाबरू नये, पुन्हा मोजावे. सारखा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो उच्च रक्तदाब होय. दाब जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मोजून मिळतो. रक्ताच्या तपासणीची सोय कुठे आहे, हेही तिथेच विचारावे. पुढच्या उपचारासाठी धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आणि सोलापूरचे शासकीय रुग्णालय आपल्या टप्प्यात आहेत.

गोळीची शिस्त

मंद ग्रंथीसाठी थायरॉक्सिनची गोळी देतात. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिला रुग्ण बरा करून दाखवला. आज तेच संप्रेरक शुद्ध स्वरूपात, स्वस्त गोळीत मिळते. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी. मात्रा बदलली की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. वयस्कर व हृदयविकाराच्या रुग्णांना डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करतात. गरोदरपणात मात्रा वाढवावी लागते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. वजन उतरवण्यासाठी ही गोळी मनाने कधीही घेऊ नये. त्याने हृदय बिघडते.

अति काम करणाऱ्या ग्रंथीसाठी औषधे, किरणोत्सर्गी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. त्यांतील कार्बिमॅझोल ही गोळी चालू असताना ताप आला व घसा दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. क्वचित प्रसंगी या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

टी. एस. एच. किंचित वाढलेला असेल तर प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

अक्काचे पुढे काय झाले?

गोळी सुरू झाल्यावर पाच महिन्यांत अक्काचा दाब १२८/८४ वर आला. डॉक्टरांनी दाबाची एक गोळी बंद केली, दुसरी ठेवली. सूज उतरली, आवाज मोकळा झाला. अहवालात आकडा ठीक आला, तेव्हा शेजारणीने सांगितले, “आता बरी झालीस, कशाला रोज गोळी?” अक्काने आम्हाला न सांगता गोळी सोडली. तीन-साडेतीन महिन्यांत तीच सूज, तोच थकवा, दाब पुन्हा १४८/१००. मला कळले तेव्हा मी रागावलो नाही. खात्याचे उदाहरण दिले. “अक्का, दर महिन्याला पैसे भरतीस म्हणून खात्यात शिल्लक दिसतीय. भरणं थांबवलं तर शिल्लक किती दिवस राहील?” तिने मान हलवली. त्या दिवसापासून गोळीची बाटली देवळीत, चहाच्या डब्याशेजारी असते. पहाटे उठली की आधी गोळी, मग सडा, मग चहा.

आता तिची पात पूर्वीसारखी सगळ्यांच्या पुढे नसते, पण मागेही राहत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात एखादी आई, बहीण, वहिनी “अंग जड वाटतंय” असे वरचेवर म्हणत असेल आणि तिच्या दाबाचा आकडा गोळ्या घेऊनही उतरत नसेल, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्या. दाबाची आणि थायरॉईडची कोणतीही गोळी मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. हा लेख वाचून एका घरात जरी वेळेवर तपासणी झाली, तरी लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.